मूतखडा कां होत नाहीं?

गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्याच्या मूत्रतपासणीचा कागद घरीं आला आणि त्यावरील एका शेऱ्यानें सारें घर हवालदिल झालें. शेरा एवढाच कीं, मूत्रांत प्रथिनाचा किंचित् अंश आढळला. त्याला पूर्वीं दोन वेळां मूतखडा झालेला. पहिल्या खेपेस मध्यरात्रीं तो ओसरीवर गडबडां लोळला होता, तें दृश्य घरांतील कोणीच विसरलेलें नाहीं. त्यांत आतां हें प्रथिन! मूत्रपिंडेंच निकामी होऊं लागलीं कीं काय, या शंकेनें वहिनींनीं देव पाण्यांत ठेवले.

आम्ही तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलों. ते हंसून म्हणाले, "मास्तर, मूत्र दाट असलें म्हणजे पट्टीवर असा अंश कधीं कधीं उमटतो. पुन्हां एकदां तपासूं. पण थोडें प्रथिन तर तुमच्या-माझ्याही मूत्रांत असतेंच. तें नसतें तर खड्यांचा सुकाळ झाला असता!" दुसरी तपासणी निर्दोष निघाली व घर शांत झालें. आमच्या डोक्यांतून मात्र तें शेवटचें वाक्य जाईना. खडा कां होतो, हें सारेच विचारतात. खडा कां होत नाहीं, हा प्रश्न आम्हांला तरी उभ्या आयुष्यांत सुचला नव्हता.

प्रश्न पोकळ नाहीं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेट नांवाच्या क्षाराचे असतात. हा क्षार पाण्यांत फारच थोडा विरघळतो; आणि निरोगी माणसाच्या मूत्रांतही तो बहुधा साध्या पाण्यांत मावेल त्याहून पुष्कळ अधिक असतो. म्हणजे न्यायानें पाहतां प्रत्येकाच्या मूत्रपिंडांत खडा बसावयास हवा. तो बसत नाहीं, अर्थात् त्याला कोणी तरी अडवीत असलें पाहिजे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहे. तेथें दिलेला दृष्टांत आम्हांला फार आवडतो : नव्या घड्यांत भरलेल्या स्वच्छ पाण्याच्याही तळाशीं काळानें गाळ बसतो, तशीच अश्मरी. सर्व अश्मरींचें अधिष्ठान कफ, असेंही तेथें म्हटलें आहे. आतां, खड्यांतील क्षार विरघळवून टाकले तर मागें एक चिकट जाळें उरतें. खड्याच्या वजनाचे शेंकडा दोन-तीन भाग भरणारें हें जाळें मुख्यतः प्रथिनांचें असतें, हें आधुनिकांस ठाऊक आहे. यावरून सुश्रुताला प्रथिनें माहीत होतीं असें म्हणण्याचा आचरटपणा आम्ही करणार नाहीं. परंतु नुसत्या क्षारानें खडा होत नाहीं, त्याला कांहीं चिकट आधार लागतो, हें त्या वैद्याच्या डोळ्यांनीं टिपलें असावें असें वाटतें.

अडविण्याची क्रिया कशी चालते हें समजण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. साखरेचा पाक करतांना गृहिणी त्यांत लिंबू पिळतात, म्हणजे पाकाची पुन्हां साखर होत नाहीं. लिंबाच्या आंबटपणानें कांहीं साखर फुटून तिच्यापासून निराळ्या जातीच्या साखरा होतात, आणि हे परके कण मूळ साखरेच्या कणांना ओळीनें रचूं देत नाहींत. स्फटिक म्हणजे कवाईत करणारी पलटण. रांगेंत एखादा उपरा घुसला कीं रांग मोडते. मूत्रांत हें उपऱ्याचें काम सायट्रेट व मॅग्नेशियम यांसारखे लहान पदार्थ करतात, आणि कांहीं प्रथिनेंही करतात.

त्यांतील एकाचें नांव ऑस्टिओपाँटिन. तें प्रथम हाडांत सांपडलें म्हणून हें नांव. त्याच्या अंगावर ऋण विद्युद्भार पुष्कळ असतो. कॅल्शियमचा भार धन. त्यामुळें वाढत्या स्फटिकाच्या पायऱ्यांवर तें जाऊन चिकटतें आणि पुढच्या कणांस जागा मिळूं देत नाहीं. इ. स. २००४ मध्यें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं अतिसूक्ष्म उपकरणानें ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. सायट्रेट स्फटिकाच्या एका अंगावर काम करतें व ऑस्टिओपाँटिन दुसऱ्या अंगावर, असें त्यांना दिसलें. दोन पहारेकऱ्यांनीं जणूं वाड्याच्या दोन बाजू वांटून घेतल्या आहेत.

दुसऱ्या प्रथिनाची कथा अधिक रंजक आहे. स्वीडनमधील मॉर्नर यानें १८९५ सालींच मूत्रांतील अशा एका चिकट प्रथिनाचें वर्णन केलें होतें. पुढें १९५० मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टॅम व हॉर्सफॉल यांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. गंमत अशी कीं, ते खड्यांच्या मागें नव्हतेच. इन्फ्ल्यूएंझाचे विषाणू तांबड्या रक्तपेशींचे गोळे बांधतात. तें थांबविणारा पदार्थ मूत्रांत आहे असें आढळल्यावरून ते त्याच्या शोधांत होते. १९८५ मध्यें दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं गर्भवती स्त्रियांच्या मूत्रांतून एक पदार्थ काढून त्यास युरोमोड्युलिन हें नांव दिलें, आणि दोन वर्षांनीं कळलें कीं हा तर तोच जुना गृहस्थ!

निरोगी मूत्रांत सर्वांत अधिक असणारें प्रथिन हेंच. दिवसाकाठीं सुमारें २० ते १०० मिलिग्रॅम. रोगामध्यें रक्तांतून गळून येतें तें आल्ब्युमिन निराळें, आणि त्याची उपेक्षा करूं नये. युरोमोड्युलिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशी स्वतःच घडवितात. नलिकांतून मूत्र वाहून जाण्यास थोडीं मिनिटेंच लागतात. तेवढ्यांत एकटा स्फटिक वाट अडविण्याइतका सहसा वाढत नाहीं. धोका असतो तो स्फटिक एकमेकांस चिकटून गट्ठा होण्याचा, आणि युरोमोड्युलिन मुख्यतः तेंच टाळतें. शिवाय मूत्रमार्गांतील कांहीं जंतूंना तें परस्पर पकडून बाहेर नेतें. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हें प्रथिन जन्मतःच नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियमचे स्फटिक सांठलेले दिसले. त्या उंदरांत ऑस्टिओपाँटिन मात्र पुष्कळ वाढलें होतें. एक पहारेकरी गैरहजर, म्हणून दुसऱ्यानें दुप्पट पहारा केला असावा.

पण हा रक्षक सर्वकाळ विश्वासू राहत नाहीं. मूत्र फार आम्ल झालें, त्यांत क्षार व कॅल्शियम फार झालें, म्हणजे युरोमोड्युलिनचे कण आपसांतच गुंततात. मग त्यांचा अटकाव ढिला पडतो, आणि कधीं कधीं तेच स्फटिकांना गोळा करूं लागतात. पाणी भरपूर प्या, मीठ बेतानें खा, हा डॉक्टरांचा कंटाळवाणा उपदेश येथें येऊन मिळतो. इटलींत १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पांच वर्षांच्या प्रयोगांत, दिवसाला दोन लिटर मूत्र होईल इतकें पाणी पिणाऱ्यांपैकीं शेंकडा १२ जणांस पुन्हां खडा झाला. ज्यांना असें सांगितलें नव्हतें त्यांच्यापैकीं शेंकडा २७ जणांस.

हें सारें वाचून घरांतील एका तरुणानें विचारलें, मग व्यायामशाळेंतून आणलेली प्रथिनाची भुकटी खाल्ली तर? नाहीं, बाबा. खाल्लेलें प्रथिन पोटांत पचून त्याचे तुकडे होतात. तें मूत्रपिंडांतील पहारेकरी बनत नाहीं.

आतां आमची एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या खड्यानंतर, खडा कॅल्शियमचा म्हणून पुतण्याचें दूध-ताक बंद करा असें वहिनींस आम्हींच सुचविलें. घरांत आमच्या शब्दाला मान. दोन वर्षें तो पोरगा ताकावांचून जेवला. त्या दोन वर्षांतच दुसरा खडा झाला. त्याचें कारण ती बंदीच, असें छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. पण शास्त्र आमच्या विरुद्ध आहे. अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झॅलेटला बांधून ठेवतें व मलावाटे बाहेर नेतें. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, पंचेचाळीस हजारांहून अधिक अमेरिकन पुरुषांच्या पाहणींत, अन्नांतून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले. आम्ही दूध तोडलें आणि पालकाची भाजी मात्र पौष्टिक म्हणून वाढीत राहिलों! पालकांत ऑक्झॅलेट किती असतें हें आम्हांस मागाहून कळलें.

पुतण्याच्या चोवीस तासांच्या मूत्राच्या तपासणींत सायट्रेट कमी निघालें. डॉक्टरांनीं त्यावर औषध दिलें आहे. जेवणांत लिंबू असतें, ताकाची वाटीही परत आली आहे. कचेरींत जातांना तो पाण्याची मोठी बाटली नेतो, आणि संध्याकाळीं ती रिकामी आहे कीं नाहीं हें वहिनी दारांतच पाहतात. मागच्या महिन्यांतील सोनोग्राफींत नवा खडा दिसला नाहीं. डाव्या बाजूचा एक बारीक जुना खडा आहे, तो होता तेवढाच आहे.