बार्शी टाउन : अरुंद रुळांनी पेललेला भार

बार्शीच्या रेल्वे स्थानकाच्या नावात ‘टाउन’ हा शब्द का, याचे उत्तर कुर्डुवाडीत सापडते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० साली मुंबईकडून सोलापुरास पोहोचला, तेव्हा बार्शी त्याच्या वाटेत आली नाही. या व्यापारी गावाला जाण्यासाठी जेथे उतरावे लागे, त्या कुर्डुवाडीच्या स्थानकालाच ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. पुढे रूळ खुद्द गावात आले आणि ते स्थानक ‘बार्शी टाउन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एका नावात गावाची उपेक्षा आहे, तर दुसऱ्या नावात तिचे निवारण.

बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याशी, निजामी मुलुखाच्या सीमेलगत वसलेली पेठ. घाटावरून उतरणारा कापूस, जवस आणि धान्य येथे येई व येथून मुंबईकडे रवाना होई. परंतु मुख्य लोहमार्गापर्यंतचा सारा प्रवास बैलगाडीचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की माल वखारीत अडकून पडे. भाव मात्र कोणासाठी थांबत नसत आणि गुंतलेल्या भांडवलावरचे व्याजही थांबत नसे. बाजारपेठ आणि लोहमार्ग यांतील हे अंतर मैलांत थोडे असले, तरी व्यापाऱ्याच्या खतावणीत ते फार मोठे होते.

हे अंतर मिटवण्याचा ध्यास एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने घेतला. कमी वाहतुकीच्या प्रदेशात मोठ्या मापाचा लोहमार्ग परवडत नाही, आणि स्वस्तात उभारलेला अरुंद मार्ग जड ओझे वाहू शकत नाही, असा त्या काळी समज होता. कॅलथ्रॉपने या कोड्याचे उत्तर भाराच्या वाटपात शोधले. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक वजन पडू द्यायचे नाही; सारा भार सर्व आसांवर समान वाटायचा. असे केले की हलके रूळही मोठा माल पेलतात. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ चाचणीचा मार्ग टाकून त्याने आपले म्हणणे सिद्ध करून दाखवले. १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. पुढे इतरत्रच्या अरुंदमापी रेल्वेसाठीही ही रचना आदर्श मानली गेली.

या रेल्वेचे जैन समाजाशी असलेले नाते केवळ मालवाहतुकीचे नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक. कापसाचा व्यापार आणि सराफी पेढी असलेल्या या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली वालचंद यांचा जन्म झाला. वडिलोपार्जित पेढीत या तरुणाचे मन रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांनी रेल्वेत कारकून म्हणून काम केले होते आणि त्यांना ठेकेदारीची माहिती होती. वालचंद यांनी त्यांच्याशी भागीदारी केली. फाटकांचा अनुभव आणि वालचंदांचे भांडवल व धाडस यांच्या जोरावर ‘फाटक-वालचंद’ ही जोडी उभी राहिली. तिला आरंभीच्या काळात मिळालेले काम म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या विस्तारातील येडशी ते तडवळे हा छोटा टप्पा.

पिढीजात पेढीची पत ठेकेदारीसारख्या बेभरवशाच्या व्यवसायात पणाला लावणे हे त्या काळच्या व्यापारी घराला सहज रुचणारे नव्हते. पेढीवर रक्कम बुडाली तर ती एका खात्यात बुडते. ठेक्यात पूल खचला तर नाव बुडते. वालचंदांनी हा धोका पत्करला. पुढे १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची उभारणी, १९४० साली बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि १९४१ साली पायाभरणी झालेला विशाखापट्टणमचा जहाजबांधणी कारखाना येथपर्यंत त्यांचा उद्योग पोहोचला. जहाजे आणि विमाने घडवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या उद्योजकाने मातीकामाचे आणि मजुरांच्या हजेरीचे पहिले धडे अडीच फुटी रुळांच्या शेजारी गिरवले.

बार्शी लाइटचा विस्तार होतच गेला. पंढरपूरची शाखा याच सुमारास सुरू झाली, १९११ साली रूळ लातुरास भिडले आणि १९२७ साली मिरजेस. एकूण लांबी ३२५ किलोमीटर झाली. आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपांवर बसलेले वारकरी ही या गाडीची ओळख ठरली. बालाघाटातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री निघालेल्या श्रावक-श्राविकांनाही बार्शी आणि येडशी ही स्थानके सोयीची होती. कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या याच क्षेत्री चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी समाधिमरण साधले.

त्यापूर्वीच, १ जानेवारी १९५४ रोजी, सरकारने ही खासगी रेल्वे विकत घेतली होती. रस्त्यावरील वाहतूक वाढली तशी छोट्या गाडीची गती कालबाह्य वाटू लागली. अखेर रुंदीकरण झाले. रामलिंगच्या घाटातली जुनी वाट मागे पडली, नवा मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, शहरावरून गेला आणि २००८ साली कुर्डुवाडी ते लातूर मोठी गाडी धावू लागली.

या मार्गाची खरी कसोटी त्यानंतर आठ वर्षांनी लागली. २०१६ च्या भीषण टंचाईत लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. दहा टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी मजल मारत १२ एप्रिलच्या पहाटे ती लातुरास पोहोचली. पुढे मोठ्या गाड्यांच्या खेपा सुरू झाल्या आणि पावसाळ्यापर्यंत शहराला आधार मिळाला. दाण्याची आणि कापसाची बाहेर जाण्याची सोय व्हावी म्हणून ज्या वाटेची आखणी झाली, तिनेच तहानलेल्यांसाठी पाणी आत आणले.

मिरज ते लातूर ही सलग वाट बार्शी लाइटने १९२७ सालीच जोडून ठेवली होती. त्या वेळी हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत मालाचे भाडे होते, जलदान नव्हते. पण जमाखर्चात न धरलेला हा लाभ नव्वद वर्षांनी जमेस आला. बार्शी टाउनच्या फलाटाचा इतिहास सांगताना व्यापारी घरांनी हे एक पान आवर्जून उघडावे.