पाटाच्या मुखाशी पक्षी

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आले. त्याआधीही आणि त्यानंतरही अंबड तालुक्यातले हे गाव आसपासच्या गावांसारखेच कापूस, ऊस, मोसंबी आणि पाण्याची पाळी यांच्या हिशेबात जगते. वडीगोद्रीला महामार्गावर आले की पाचोडमार्गे पैठण तास-दीड तासावर. या रस्त्याने माणसे नाथषष्ठीला जातात, घरचे कुणी गेले तर दशक्रियेसाठी गोदाकाठी जातात, शाळांच्या सहली उद्यान बघायला जातात. पण ‘पैठणला अभयारण्य बघायला गेलो होतो’ असे सांगणारा माणूस या पट्ट्यात मला फार क्वचित भेटला. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा, उघडी जिप्सी आणि वाघ. त्यासाठी चारशेहून अधिक किलोमीटर जायचे, खोली आधी राखून ठेवायची, पैसे साठवायचे. आणि इकडे पैठणच्या धरणाच्या भिंतीमागे ३४१ चौरस किलोमीटरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ पासून आहे.

जायकवाडीकडे वळण्याआधी एक वेगळा देश डोळ्यांपुढे आणू. नेदरलँड्स हा देश मराठवाड्याहूनही लहान, पण तिथे राष्ट्रीय उद्याने वीसहून अधिक. होख वेलुवे नावाच्या उद्यानात फाटकाशी पांढऱ्या सायकली ठेवलेल्या असतात. एकदा आत शिरल्यावर सायकलीचे वेगळे पैसे नाहीत. कुणीही घ्यावी, फिरावे, परत आणून लावावी. मला मात्र तिथली दुसरी एक जागा जास्त जवळची वाटते. तिचे नाव ओस्टवार्डर्सप्लासन. १९६८ मध्ये समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीचा हा सखल तुकडा कारखान्यांसाठी ठेवला होता. कारखाने यायला वेळ लागला, पाणी साचून राहिले, बोरू वाढला आणि हजारो रानहंस उतरू लागले. मग माणसांनी बेत बदलला. या पाणथळीतून जाणार असलेला रेल्वेमार्गसुद्धा वळवून बाजूने नेला. २००६ मध्ये त्या देशातले समुद्रगरुडाचे पहिले घरटे याच जागी झाले. चुकाही झाल्या. कुंपणात सोडलेली गुरे, घोडे, हरणे वाढत गेली आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात उपासमारीने खंगली, तेव्हा लोकांनी कुंपणावरून गवत फेकले, मोठा वाद झाला. निसर्ग राखणे म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे, हे तिथल्या लोकांना फार दुःख पाहून कळले.

माणसाने आपल्या कामासाठी घडवलेली जागा आणि तिथे न बोलावता आलेले पक्षी, हीच जायकवाडीचीही कहाणी. पैठणच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायचा होता. जागा वर सरकून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी साठा. शंभराहून अधिक गावांची जमीन या पाण्याखाली गेली. ती गावे उठली म्हणून खाली आमच्याकडे पाट आले, ही गोष्ट अंबड-घनसावंगीच्या बागाईतदाराने कधी विसरू नये.

पक्षी का आले, याचे उत्तर जमिनीच्या उतारात आहे. कोयनेसारखी डोंगराची घळ इथे नाही. सपाट मुलखात अडवलेले पाणी खोल जाण्याऐवजी पसरले. हा जलाशय, म्हणजे नाथसागर, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो आणि त्याच्या कडांना मैलोन्‌मैल पाणी गुडघाभरच असते. पावसाळ्यानंतर रब्बीची आवर्तने सुरू होतात, कालव्यांतून पाणी सुटते आणि इकडे जलाशयाची कड रोज थोडी आत सरकते. मागे उरतो ओला गाळ. त्यात गोगलगायी, किडे, अळ्या, पाणवनस्पतींचे कोंब असतात. लांब चोचीचे पक्षी हा गाळ उपसतात. थापट्या बदक पळीसारख्या चोचीने वरवरचे पाणी गाळून खाते. रोहित, म्हणजे अग्निपंख, मान उलटी करून चिखलपाण्यातले सूक्ष्म जीव टिपतो. प्रत्येकाला पाण्याची वेगळी खोली लागते आणि ओसरता जलाशय ती प्रत्येकाला देतो. धरण काठोकाठ भरलेले असले तर पक्षी पांगतात, चिखलाची वाट बघावी लागते. म्हणून बदकांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि रोहितांसाठी पाणी उतरल्यानंतरचे, हिवाळा सरतानाचे दिवस चांगले.

म्हणजे मोसंबीच्या बागेत पाळी देताना डाव्या कालव्यातून जे पाणी उचलले जाते, तेच पाणी वर पक्ष्यांचे ताट मांडून आलेले असते. हे नाते मला एका हिवाळ्यात सोनेवाडीच्या काठावर उभा असताना उमगले. उशिरा पोचलो होतो, ऊन वर आले होते. जाळे आवरत असलेले एक मासेमार काका म्हणाले, “ऊन तापायच्या आधी यावं लागतंय, भाऊ. मंग पाखरं आत सरकतेत.” दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत गेलो. समोर हजारो वारकरी पाण्यावर हेलकावत होते. काळ्या अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा असलेल्या या पक्ष्याला मराठीने वारकरी म्हटले. पैठणच्या पाण्याला हे नाव जितके शोभते तितके दुसरीकडे शोभणार नाही. पलीकडे चक्रवाकाच्या जोड्या होत्या. आणि काठाच्या हरभऱ्याशेजारी, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब चरत होते. तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर वाढलेले हे हंस हिमालय ओलांडून इथे येतात. अंतरवाली सराटीच्या नावाशी यमक जुळणारा शराटी तर बारा महिन्यांचा. वाकडी चोच चिखलात घालून तो शांतपणे आपले काम करत असतो. या पक्ष्यांना मराठी नावे आहेत आणि मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचून ती आपल्यासाठी जपून ठेवली. मुलांना ती नावे सांगितली पाहिजेत.

जाण्याची रीत सोपी आहे. पैठणच्या बाजूने सोनेवाडी, पिंपळवाडी, रामडोह. गंगापूर-नेवाशाच्या बाजूने प्रवरासंगमाजवळचे कायगाव टोके. जलाशय पैठणच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी या काठावर उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग उजळ दिसतात; उन्हे कलल्यावर तोच पक्षी नुसती काळी आकृती होतो. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, दोन-तीन घरांत मिळून एक घेतली तरी चालेल. कपडे मळखाऊ रंगाचे. मोटारसायकल ओल्या गाळात उतरवू नये. थवा उडावा म्हणून ओरडू नये, फोटोसाठी होडी थव्यात घालू नये. यामागे साधा हिशेब आहे: हिवाळाभर खाऊन साठवलेल्या चरबीवर या पक्ष्यांना परतीचा प्रवास करायचा असतो. आपण दिवसातून दहा वेळा उडवले तर ती शिदोरी इथेच संपते.

कायद्याचाही एक खुलासा करावा लागेल, कारण गावात अभयारण्य म्हटले की जमीन गेली अशी धास्ती बसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला बंदी असते आणि लोकांचे हक्क राहत नाहीत. अभयारण्यात काही हक्क, चराई वगैरे परवानगीने चालू राहू शकतात. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत, मराठवाड्यात एकही नाही. जायकवाडीत तर जमीन आणि पाणी पाटबंधाऱ्यांचे, पक्षी वनखात्याचे, मासे मासेमारांचे आणि उघडा पडणारा गाळ गाळपेऱ्याला आसुसलेल्या शेतकऱ्यांचा. सगळ्यांचे पोट इथेच. जाळ्यात अडकलेले पक्षी मरतात, गाळपेऱ्यावर फवारलेले औषध पाण्यात उतरते. २०१७ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्यानंतर जलाशयावर तरंगत्या सौर पॅनलच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. विजेची गरज मी नाकारत नाही. पण उथळ कड झाकली तर पक्ष्यांचे ताटच झाकले जाईल आणि मासेमाराचेही. हे ठरवताना काठावरच्या माणसाला बोलवायलाच हवे.

पैठण पाहून झाले की पुढची वाट आहेच. कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात गौताळा, पोटात पितळखोऱ्याची लेणी आणि पायथ्याशी भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेले पाटणादेवी. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे मोरांसाठी राखलेले नायगाव, अवघे तीस चौरस किलोमीटर. बुलढाण्यात लोणार, उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेले विवर. २०२० मध्ये त्याचे खारे पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले आणि त्याच वर्षी ते रामसर पाणथळ ठरले. हे छोटे तुकडे आहेत, पण निरुपयोगी नाहीत. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ शेतशिवार, ओढे, माळ तुडवत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मधे असे तुकडे आणि ओढ्याकाठची झाडी नसती तर त्याने दिवस कुठे काढले असते?

पैठणच्या काठावर मात्र अजून पाहणाऱ्याची सोय फार थोडी आहे. पाण्यापासून अंतर राखून बांधलेले लपणघर, पक्ष्यांची मराठी नावे लिहिलेला फलक, गावातल्याच दोन-चार तरुणांना वाटाड्याचे प्रशिक्षण आणि त्यांचा रोज, एवढ्याने सुरुवात होईल. नेदरलँड्समध्ये ओल्या जमिनीभोवती पायवाटा आणि लपणघरे आहेत, म्हणून तिथले मूल लहानपणीच रानहंस ओळखते. आपल्या मुलांना तेवढे मिळालेच पाहिजे, आणि ग्रामपंचायतींनी, शाळांनी मागितले तरच ते मिळेल. दरवर्षी जानेवारीत आशिया खंडभर पाणपक्ष्यांची गणना होते. वडीगोद्री, शहागड, अंतरवालीच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांनी जाणत्या पक्षीमित्रांसोबत त्यात उतरायला काहीच हरकत नाही.

तोवर एक करता येईल. या हिवाळ्यात पैठणला नाथांच्या दर्शनाला निघाल तेव्हा घरून दोन तास लवकर निघा. मुलांना गाडीत झोपू द्या, पण सूर्य उगवायच्या आत त्यांना काठावर उठवा.