गाणं ऐकून लिहिणारी माणसं

बसवकल्याण, भालकी, औराद, आळंद या पट्ट्यात वाढलेल्या मराठी माणसाला गाणं ऐकताना भाषा आड येत नाही. भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन धारवाडजवळच्या मन्सूरचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, गंगूबाई हुबळीच्या. घरात कन्नड बोलणाऱ्या या कलावंतांना मराठी मुलखाने कधी परकं मानलं नाही. पण एक गोष्ट आपल्या चटकन लक्षात येत नाही. कोणाचं घराणं कोणतं, कोण कोणाजवळ शिकला, किराण्याचा स्वर आणि आग्र्याची लय म्हणजे नेमकं काय, या साऱ्या गप्पा आपण मारतो त्या कुणीतरी मराठीत आधी लिहून ठेवल्या म्हणून. मैफल संपली की सतरंजी गुंडाळली जाते आणि गाणं हवेत विरतं. मागे उरतं ते ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने घरी जाऊन लिहिलेलं पान. अशी पानं लिहिणाऱ्यांची आणि त्यांना जागा देणाऱ्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाची ही ओळख.

हे मासिक 1947 साली सुरू झालं. त्यामागे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ होतं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1931च्या ऑगस्टमध्ये मिरजेत देह ठेवला. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन हे मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच्या परीक्षा गावोगावच्या गायनवर्गांना ठाऊक आहेत. मासिक या संस्थेचं, म्हणजे गाणं शिकवणाऱ्या मास्तरांचं. ते रेकॉर्ड कंपनीचं नव्हतं, आकाशवाणीचं नव्हतं आणि कुठल्या वृत्तपत्राची पुरवणीही नव्हतं. पेटी काढून मुलांकडून अलंकार घोटून घेणारा शिक्षक हाच त्याचा वाचक आणि बऱ्याचदा तोच त्याचा लेखक. मला या मासिकाचं मोल वाटतं ते इथे. लिहिणाऱ्याला कुणाची रेकॉर्ड खपवायची नव्हती.

संगीताचं नियतकालिक काढायची हौस मात्र त्याहून कितीतरी जुनी. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचं मासिक काही काळ चालवलं होतं. बुवांना दम्याचा विकार होता. गळा आणि प्रकृती सांभाळता सांभाळता मासिक काय टिकणार? त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर यांनी लाहोरहून ‘संगीतामृत प्रवाह’ हे हिंदी मासिक काढलं आणि स्वतःचा छापखानाही घातला. उत्तरेत हाथरसच्या प्रभुलाल गर्ग यांनी, म्हणजे काका हाथरसींनी, 1935 पासून ‘संगीत’ मासिक चालवलं. युरोपातही याहून वेगळं घडलं नाही. रॉबर्ट शूमान या संगीतकाराने 1834 साली लाइपझिगमध्ये स्वतःचं संगीतविषयक नियतकालिक काढलं आणि फ्लोरेस्टान, युझेबियस अशा कल्पित नावांनी त्यात लिहिलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाच लिहावंसं वाटलं, कारण बाहेरचे लोक जे लिहीत होते ते त्यांच्या कानाला पटत नव्हतं.

अशा मासिकाला छापखान्यात एक अडचण असते, ती साहित्याच्या मासिकाला नसते. बंदीश छापायची तर स्वरलिपी लागते. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब. पलुस्करांच्या पद्धतीत कोमल स्वराच्या पायाला हलन्तासारखी खूण आणि मंद्राचं टिंब डोक्यावर. एकच टिंब एका पद्धतीत खाली, दुसरीत वर. काफीतल्या गंधाराची खूण जुळाऱ्याच्या हातून गळली की वाचणारा खमाज थाटात जाऊन पडतो. म्हणून इथे मुद्रितं तपासणाऱ्यालाही गाता यावं लागतं. पदरमोड करून, वर्ग सुटल्यावर हे काम करणारी माणसं होती, एवढं म्हटलं तरी त्यांच्या निष्ठेची कल्पना यावी.

मासिकाला आकार दिला तो प्रा. बी. आर. देवधरांनी. जन्म 1901चा, मिरजेचा. विष्णू दिगंबरांचे शिष्य, शिवाय पदवीधर. त्या काळी गवई आणि पदवीधर हे दोन्ही एका माणसात क्वचित सापडे. 1925 साली त्यांनी मुंबईत ‘देवधर्स स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केलं. जोव्हान्नी स्क्रिन्झी या इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले. आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेऊन त्यावर पुस्तक लिहिलं. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली हा मुलगा त्यांच्याकडे आला, राहिला, शिकला आणि कुमार गंधर्व म्हणून जगापुढे गेला. ‘रागबोध’चे सहा भाग त्यांच्या नावावर आहेत. हे सगळं करून हा माणूस मासिक संपादत होता, आणि त्यात लिहीत होता.

काय लिहीत होता, हे महत्त्वाचं. देवधरांनी गवयांची चरित्रं लिहिली. पुढे ती ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आली आणि 1993 साली राम देशमुखांच्या इंग्रजी अनुवादातून मराठी न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. ही चरित्रं वाचताना जाणवतं की त्यांना रागाइतकाच माणूस हवा आहे: त्याची बैठक, त्याची भूक, त्याचा लहरीपणा, त्याला कुणी शिकवलं आणि कुणी शिकवायचं नाकारलं. रहिमतखाँची गोष्ट घ्या. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचा हा मुलगा अलौकिक गळ्याचा, पण अफूच्या नादात जगाचं भान हरपलेला. हद्दूखाँजवळ शिकलेले विष्णुपंत छत्रे पुढे सर्कशीचे मालक झाले होते. हलाखीत सापडलेल्या रहिमतखाँना त्यांनी सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि लोकांना ऐकवलं. ज्या मुलखात वाघ-सिंहांचे खेळ आणि ग्वाल्हेरचा ख्याल एकाच तळावर उतरत, तो मुलूख कसा असेल! रहिमतखाँ 1922 साली कुरुंदवाडला वारले. ही हकिकत संगीतशास्त्राच्या पुस्तकात मावली नसती. ती मासिकात मावली.

दुसरे सिंदेखाँ. विक्षिप्त स्वभावाचे, फकिरासारखे राहणारे. लोक वेडा म्हणून बाजूला सारत. त्यांच्याजवळ बंदिशींचा मोठा साठा होता. देवधर त्यांच्याजवळ शिकले. बडे गुलाम अलीखाँसुद्धा त्यांच्याकडून शिकले होते. फाटक्या कपड्यातल्या माणसाशी हुज्जत न घालता त्याच्या लहरीप्रमाणे बसून राहायचं, एखादी अस्ताई हाती लागेपर्यंत वाट पाहायची, ही चिकाटी वार्ताहराजवळ नसते. ती शिष्याजवळ असते. देवधर एका घराण्याचे शिष्य म्हणवून घेत थांबले नाहीत. ज्याच्याजवळ विद्या दिसली त्याच्यासमोर ते विद्यार्थी होऊन बसले. त्यांच्या लेखणीला जे कळलं ते या बसण्यामुळे कळलं, असं मी खात्रीने म्हणेन.

मासिकाबाहेर, साप्ताहिकांत आणि पुस्तकांत लिहिणारे जे मराठी लेखक झाले, तेही याच जातीचे. गोविंदराव टेंबे (1881–1955) पेटीवाले आणि संगीतकार. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, आणि ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तकही त्यांचं. केशवराव भोळ्यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावाने गवयांवर लिहिलं. शूमानप्रमाणे त्यांनाही टोपणनाव लागलं, आणि ते साहजिक होतं. आपण स्वतः ‘आंधळ्यांची शाळा’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ यांचं संगीत करणारे, उद्या त्याच गवयांच्या शेजारी बसणारे. उघड नावाने खरं लिहिणं कठीण. पण नाव झाकून त्यांनी वैर साधलं नाही. दोष दाखवताना कुठल्या जागेत, कुठल्या स्वरावर, हे ते सांगत. पुढे पुढे आपल्याकडची परीक्षणं ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ या वाक्यावर येऊन थांबली. भोळे वाचले की त्या वाक्याची लाज वाटते.

वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. सुरेशबाबू माने यांच्याकडे किराणा आणि मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूर अशा दोन गायकी ते शिकले, आणि 1961 साली ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आलं. स्वर आणि लय ही दोन टोकं मानून त्यांनी घराणी मांडली: स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, दोहोंचा तोल जयपूरजवळ. मला ही मांडणी जरा जास्तच नेटकी वाटते आणि जयपूरकडे लेखकाचा ओढा लपत नाही. तरीही त्यांचं ऋण मोठं आहे. या पुस्तकाने मराठी श्रोत्याला भांडायला भाषा दिली. ‘मला आवडलं’ यापुढे जाऊन ‘का आवडलं’ हे सांगता येऊ लागलं. अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी ती भाषा आणखी पारखली. ते स्वतः गात, शिकवत, मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र त्यांनी उभारलं, आणि लोकसंगीतापासून नाट्यसंगीतापर्यंत कशालाही कमी लेखलं नाही. सुरुवातीचे हे सारे लेखक पुरुष आहेत, हेही नोंदवायला हवं. मैफली गाजवणाऱ्या बायका कितीतरी, पण त्यांच्या हाती लेखणी यायला उशीर झाला. प्रभा अत्र्यांचं ‘स्वरमयी’ आणि किशोरी आमोणकरांचं ‘स्वरार्थरमणी’ वाचताना समजतं की त्या उशिराने आपलं काय हुकलं.

आता आमच्या बाजूकडे येतो. देवधरांच्या लेखनाचा नकाशा माझ्या मनात मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड, मुंबई, ग्वाल्हेर असा उमटतो. बीदर आणि कलबुर्गी त्यात मला दिसत नाहीत. कारण उघड आहे. हा भाग निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर 1948 पर्यंत इकडची सत्ता, शाळा, सरकारी भाषा सगळंच वेगळं. मग 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना झाली. बीदरमधले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. मिरजेलाही कन्नडचा शेजार होता, पण तिथे संस्था, दरबार, वाद्यं घडवणारे कारागीर आणि अब्दुल करीमखाँसारखा रहिवासी होता. मल्लिकार्जुन मन्सूरांचे पहिले मोठे गुरू नीलकंठबुवाही मिरजेचेच. आमच्याकडे गाणं होतं. ते लिहून ठेवणारा मास्तर नव्हता.

गाणं होतं म्हणजे काय होतं? हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. 1817 साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत जन्मलेल्या माणिकप्रभूंनी तिथे सकलमत संप्रदाय उभा केला आणि 1865 साली तिथेच समाधी घेतली. प्रभूंनी मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांत पदं रचली. गादीवर पुढे आलेल्या मार्तंड माणिकप्रभूंनीही रचना केल्या. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवात प्रभूंचा दरबार भरतो आणि कलावंत तिथे सेवा म्हणून गातात. तिकडे कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, जिथल्या उरुसाला कव्वाली ओघानेच येते. गाणगापुरात दत्ताची पदं, बसवकल्याणात शरणांची वचनं. एका दिवसाच्या एसटी प्रवासात इतके निरनिराळे गळे ऐकू येणारा भाग दुसरीकडे शोधावा लागेल. तरी ‘थोर संगीतकार’च्या तोलाचं, माणूस आणि त्याची चीज एकत्र पकडणारं मराठी लेखन या भागावर माझ्या वाचनात आलेलं नाही.

माहात्म्य सांगणारी पुस्तकं असतात, ती भक्तांसाठी हवीतच. मला हवं आहे ते देवधरांच्या पठडीतलं. दरबारात पद म्हणणाऱ्या म्हाताऱ्या गायकाला विचारावं की ही चाल त्याने कुणाकडून घेतली, आणि त्या माणसाने कुणाकडून. पदावर लिहिलेला राग आणि प्रत्यक्ष गाइला जाणारा राग एकच आहे का? कन्नड पद म्हणताना ठेका बदलतो का, आणि तबलजी तो मनाने बदलतो की परंपरेने? निजामाच्या राज्यात हैदराबादहून येणाऱ्या गवयांनी इथे काय ठेवलं, इथून काय नेलं? दरबारात कोण कुठे बसतं, पहिलं पद कुणाचं, कुठलं पद कधीच चुकत नाही? स्वरलिपी करावी, भातखंड्यांची की पलुस्करांची, हा वाद मागाहून घालता येईल. आज खिशातल्या फोनवर गाणं टिपता येतं, म्हणून लिहायची गरज संपली असं कुणी म्हणेल. फोन चाल टिपतो. ती कुणाकडून आली हे विचारत नाही, आणि म्हाताऱ्याने सांगायचं टाळलं तर पुढच्या खेपेला परत जाऊन त्याच्या ओसरीवर बसतही नाही.

हे काम पुण्या-मुंबईहून उत्सवापुरत्या येणाऱ्या लेखकाच्या आवाक्यातलं नाही. त्याला कन्नड येत नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी असते. भालकी-हुमनाबादकडच्या एखाद्या गायनवर्गाच्या शिक्षकाला ते जमेल. त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, दखनी कळते, विशारदची तयारी करून घेता घेता स्वरलिपीचा हात बसलेला असतो आणि माणिकनगरच्या गुरवापासून तबलजीपर्यंत सगळे त्याला नावाने ओळखतात. त्याने दत्तजयंतीच्या आधी आठ दिवस जावं, गर्दी व्हायच्या आत. पहिल्या वर्षी फक्त एकाच गायकाबद्दल लिहावं, पण त्याची शिष्यपरंपरा, त्याच्या तोंडची दहा पदं आणि त्यांच्या चाली पुऱ्या कराव्यात. आणि मजकूर छापायला देताना कोमल-तीव्राच्या खुणा स्वतः गाऊन तपासाव्यात.