फुटणाऱ्या आवाजांचं घराणं

जर्मनीतल्या लाइपत्सिगच्या थॉमस चर्चमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला गाणं असतं आणि शनिवारी दुपारी तीनला पुन्हा. दारात काही युरो देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तेच तिकीट. आत बाकांवर बसलं की पहिली गंमत कळते. गाणारी मुलं दिसतच नाहीत. ती पश्चिमेकडच्या सज्जात, श्रोत्यांच्या पाठीमागे उभी असतात. समोर वेदीजवळच्या फरशीत काशाच्या पत्र्याखाली पुरलेला संगीतकार योहान सेबास्टियन बाख, आणि त्याचं गाणं मागून, वरून येतंय.

या कार्यक्रमाला तिथे ‘मोटेट’ म्हणतात. मैफल म्हणावी तर मध्येच बायबलचं वाचन, छोटंसं प्रवचन, प्रार्थना आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं एखादं स्तोत्र. उपासना म्हणावी तर निम्मी मंडळी परगावाहून केवळ गाणं ऐकायला आलेली. कार्यक्रम असा धड इकडचा ना तिकडचा आहे, म्हणूनच तो टिकला असावा. सण-समारंभाची वाट न पाहता, ऑफिसला जावं तसं दर आठवड्याला गायचं, एवढाच त्याचा नेम.

इथे गाणारा थोमानर हा मुलग्यांचा गायकवृंद 1212 पासूनचा. चर्चची आजची इमारतसुद्धा त्याच्यापुढे लहान, ती 1496 ची. वृंदात साधारण शंभर मुलं असतात, नऊ ते अठरा वयाची. बहुतेक वसतिगृहात राहतात; एकाच खोलीत थोरली-धाकटी एकत्र ठेवतात आणि धाकट्यांकडे थोरल्यांनी बघायचं. शाळा, रोजची तालीम, गृहपाठ आणि आठवड्याअखेर चर्च. सुट्ट्यांत किंवा मुलं दौऱ्यावर असली की पाहुणे गायक येतात.

मात्र या संस्थेचा कच्चा माल नाशवंत आहे. सोप्रानो म्हणजे सर्वांत उंच पट्टीचा आवाज मुलाच्या गळ्यात जेमतेम काही वर्षं राहतो. तो घोटून घोटून तयार होतो आणि नेमका तेव्हाच फुटतो. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांना बालनटांबाबत हीच धास्ती असायची. थोमानरमध्ये मात्र मुलाला घरी पाठवत नाहीत. गळा स्थिरावला की तो खालच्या पट्टीचा टेनर किंवा बास होऊन मागच्या रांगेत जातो. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या पोराची चूक आता त्याला आधी ऐकू येते. बाखच्या काळी मुलांचे आवाज आजच्यापेक्षा बरेच उशिरा फुटत. शिकवलेला गळा अधिक वर्षं हाताशी राही, ती चैन आजच्या कँटरला, म्हणजे वृंदप्रमुखाला, नाही.

तरी बाखची तक्रार होतीच. 1723 मध्ये तो इथे कँटर झाला, तोही टेलेमान आणि ग्राउपनर या संगीतकारांशी नगर परिषदेचं न जमल्यावर. 1730 साली त्याने परिषदेला एक निवेदन दिलं. त्यात मुलांची सरळ वर्गवारी होती: उपयोगी 17, अजून तयार व्हायची 20, निकामी 17. ही चोपन्न मुलं चार चर्चमध्ये वाटून द्यायची असत. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की हवा निरोगी असली की अंत्ययात्रा घटतात आणि तिथे गाण्याचे पैसे बुडतात. मागच्या वर्षी शंभराहून अधिक थालरचा (तेव्हाचं चलन) फटका बसला. बाखला देवत्व देणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावं. पगार, भाडं, महागाई यांची इतकी मोकळी कुरकुर करणारा माणूस मला तरी जास्त जवळचा वाटतो. तक्रार करत करत तो 1750 मध्ये मरेपर्यंत, सत्तावीस वर्षं, तिथेच राहिला.

पुढच्या कहाणीत पडझड बरीच आहे. ज्या शाळेत बाख राहिला ती इमारत 1902 मध्ये पाडली. 1943 च्या डिसेंबरात शहरावर बॉम्ब पडले तेव्हा मुलांना ग्रिमा या गावी हलवलं. बाखच्या अस्थी तोवर दुसऱ्याच चर्चमध्ये होत्या. ते उद्ध्वस्त झाल्यावर त्या इथे आणल्या. नाझी गेले, साम्यवादी आले, तेही गेले; शुक्रवार-शनिवार राहिले. 2021 मध्ये कँटर झालेले आंद्रेआस राइत्झे स्विस आहेत आणि धर्मसुधारणेनंतरचे इथले पहिले कॅथलिक.

आठवड्याच्या या रतिबाचं खरं मोल 1789 मध्ये दिसलं. बाखचा ‘मॅथ्यू पॅशन’ तेव्हा विस्मरणात गेला होता. संगीतकार मेंडेल्सोनने 1829 मध्ये बर्लिनला तो पुन्हा उभा केला. पण बाखचे मोटेट, म्हणजे वृंदासाठीच्या त्याच्या धार्मिक रचना, इथली पोरं गातच होती. मोझार्ट लाइपत्सिगला आला असताना त्यांनी त्याला बाखचा आठ आवाजांचा, दोन वृंदांचा ‘जिंगेट डेम हेर्न’ ऐकवला. संगीतलेखक रॉखलिट्सच्या हकिकतीप्रमाणे चार-दोन स्वर ऐकताच मोझार्ट ताठ बसला. सगळ्या आवाजांची एकत्र संहिता शाळेत नव्हती, होते ते प्रत्येक आवाजाचे सुटे कागद. ते त्याने मांडीवर, खुर्च्यांवर पसरले आणि सगळे पाहून होईपर्यंत उठला नाही. मग नक्कल मागून घेतली. ती नक्कल व्हिएन्नात जपलेली आहे. तिच्यावर मोझार्टच्या हातची नोंद आहे: याला पूर्ण वाद्यवृंदाची जोड द्यायला हवी.