वाचनालयाच्या सर्चमध्ये मराठी पुस्तक का सापडत नाही?

कोहा हे वाचनालयांसाठीचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते न्यूझीलंडमध्ये बनलं आणि २००० पासून वापरात आहे. ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे धाटावसारख्या गावातल्या ग्रंथपालांनाही वापरता येईल. बटणं लवकर जमतात, खरी गोची असते जुन्या यादीत.

युनिकोडमध्ये 'क'चा कोड ठरलेला आहे, ०९१५. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये यादी टाइप केली असेल, तर स्क्रीनवर 'ययाति' दिसतं, पण आत साठलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं. मग तुम्ही मोबाइलवर कितीही शोधा, पुस्तक कपाटात असूनही उत्तर शून्य!

म्हणून ग्रंथपालांनी आधी युनिकोड टायपिंग शिकावं. जुनी यादी कन्व्हर्टरमधून काढली, तरी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. मराठी टायपिंग तुम्हाला येतंच. एखाद्या संध्याकाळी बसा की त्यांच्या शेजारी.