डुक्कर फियाट: आधी पत्रा, मग इंजिन

सोसायटीच्या मागच्या भिंतीला, चारही टायर बसलेली, ताडपत्रीखाली झाकलेली गोल नाकाची फियाट बघायला गेलं की मालक हमखास सांगतो, "इंजिन चांगलं आहे, फक्त बॅटरी टाकायची." गाडी पुन्हा उभी करायची असेल, तर हे इंजिनच सगळ्यात शेवटी बघावं.

आधी गाडी कोणती हे ठरवायचं. फियाटनं 1100-103 हे मॉडेल 1953 साली इटलीत आणलं. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ते आपल्या रस्त्यावर आलं आणि डुक्कर फियाट म्हणून लोकांच्या तोंडी बसलं. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, ही तिची खूण. 1964 च्या डिलाइटचे आणि तिच्यातूनच पुढे आलेल्या पद्मिनीचे तसे नाहीत. आरसी बुकातले चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहावेत.

मग दरवाजांकडे वळावं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दरवाजे मधल्या खांबावरच टांगलेले, आणि तो खांब दाराखालच्या पोकळ पट्टीवर उभा. पट्टीत पाणी साचून पत्रा आतून सडला की खांबाचा पाया जातो. दरवाजा अर्धवट उघडून टोकाशी हलकेच वर उचलावा. नुसती बिजागरी खेळत असेल तर काम छोटं आहे. पण खांबच हलत असेल, तर तळापासून कापून नवा पत्रा जोडावा लागेल, आणि तेही दरवाजांची मापं न बिघडवता. असं काम करणारे डेंटर फार थोडे.

वरचा चकचकीत रंग फसवतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवावं. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे. मॅटिंग उचलून फ्लोअर बघावा, बॅटरीखालचा पत्रा बघावा. समुद्राकाठी उभी राहिलेली गाडी आणि सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली गाडी यांच्यात इथेच जमीनअस्मानाचं अंतर पडतं.

क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, व्हीलकॅप डिकीत का होईना, पण असले पाहिजेत. एकेका काचेसाठी वर्षं जातात.

इंजिनाची मला त्या मानानं काळजी वाटत नाही. 1089 सीसीचंच इंजिन पद्मिनीतही होतं आणि ते हातावर असलेले मिस्त्री अजून आहेत. फक्त आल्याआल्या स्टार्टर मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, मुरू द्यावं आणि मग हातानं फिरवून बघावं. डिपस्टिकवर दुधाळ तेल आलं, तर पाणी आत गेलंय. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यानं वर्षानुवर्षं साधं पाणी भरून ठेवलेल्या गाडीत ते कुरतडलं गेलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र मी किमतीआधी विचारतो: मूळ इंजिन आहे का? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. कुणी डिझेल इंजिन बसवून ठेवलं असेल आणि जुनं भंगारात गेलं असेल, तर पत्रा कितीही शाबूत असला तरी मी ती गाडी घेऊ नका म्हणून सांगतो.