मदतपानांतला शोध वाचकाच्या शब्दांनी चालावा
कामकाजाची सॉफ्टवेअरं : भाग ६

सॉफ्टवेअरची मदतपानं कशी लिहावीत, हे आपण मागच्या भागात पाहिलं. पण कितीही चांगली लिहिली तरी ती पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. काम अडलं की माणूस शोधाच्या चौकटीत दोन-तीन शब्द टाकतो. उत्तर आलं तर ठीक. ‘काहीही सापडलं नाही’ असं दिसलं, तर त्याच्या लेखी ती माहिती नाहीच. मजकूर लिहिण्याची सगळी मेहनत तिथे वाया जाते. अशा वेळी ‘लोकांना नीट शोधता येत नाही’ असं म्हणण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वाचकाच्या तोंडचा शब्द ओळखून त्याला योग्य पानावर नेणं ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. मराठीत ती पार पाडणं अवघड नाही, फार खर्चिकही नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही बाब सोयीपुरती राहत नाही, ती हक्कापर्यंत जाते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या दिवशी गावात आले होते. त्यानंतरच्या काळात परवान्याचं काम कागदावरून पडद्यावर सरकलं. लाकूड, बांबू आणि इतर वनोपजासाठी केंद्राने २९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभर लागू केली. शेतातल्या पिकाची नोंदही २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची आहे. हक्क बजावण्याची वाट सॉफ्टवेअरमधून जात असेल, तर त्या सॉफ्टवेअरची मदत सापडणं हा त्या हक्काचाच भाग झाला. आता शब्दांचं पाहा. परवान्याला गावात ‘टीपी’ म्हणतात. वनहक्काच्या कागदाला सरकारी लेखी ‘हक्कपत्र’ म्हणत असले, तरी सगळे ‘वनपट्टा’ म्हणतात. कोकणात ज्याला भात म्हणतात ते इथलं धान. सगळ्या राज्यासाठी लिहिलेल्या पानावर फक्त ‘भात’ असेल, तर ‘धान’ शोधणाऱ्या सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला ते पान मिळणार नाही. त्याने शब्द चुकीचा टाकलेला नसतो. पानाला त्याचा शब्द ठाऊक नसतो.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेत याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनाने नाव देतात, तेव्हा ते एकसारखं निघण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे लेखकाने कितीही विचार करून एक शब्द निवडला, तरी बहुतेक वाचक दुसऱ्याच शब्दाने येणार. यावर त्यांनी सुचवलेला उपाय सरळ आहे: एका गोष्टीसाठी लोक वापरतात ती सगळी नावं यंत्राला आधीच सांगून ठेवायची. परिभाषेचे आग्रही यावर म्हणतील की, अशाने प्रमाण शब्द रुळणार नाहीत. मला ही भीती अनाठायी वाटते. पर्यायी शब्द सूचीत बसतात, मजकुरात नाही. ‘टीपी’ टाकणारा ‘वाहतूक परवाना’ असं शीर्षक असलेल्या पानावर पोचला, तर प्रमाण शब्द त्याला तिथेच कळतो. पानच सापडलं नाही, तर तो शब्द त्याच्यापर्यंत कधी पोचणारच नाही.

दुसरी अडचण मराठीच्या घडणीची आहे. शोधयंत्र आधी सगळ्या पानांतल्या शब्दांची सूची करतं आणि वाचकाचा शब्द त्या सूचीत ताडून पाहतं. आपल्याकडे ‘परवाना’ हा शब्द परवान्याचा, परवान्यासाठी, परवान्यांमध्ये अशा रूपांनी येतो. निव्वळ अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला हे सगळे वेगळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दातला ‘ऱ्य’ तर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकीत नुक्त्याचा ऱ, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र निरनिराळे. सूची करतानाच दोन्हींचं एक रूप केलं, तर हा घोळ कायमचा मिटतो.

प्रत्ययांबाबत आपल्याकडे मोजलेला पुरावा आहे. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल विद्यापीठाच्या ल्यिलियाना दोलामिच आणि जाक सावोय यांनी २०१० साली हिंदी, मराठी आणि बंगाली बातम्यांच्या संग्रहावर केलेले शोधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रत्यय जोरकसपणे छाटल्यावर, काहीच न छाटण्याच्या तुलनेत, बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत २८ टक्के आणि मराठीत तब्बल ४२ टक्के सुधारणा झाली. शब्दाची फक्त पहिली चार चिन्हं सूचीत ठेवण्याची साधी युक्तीही जवळपास तेवढीच उपयोगी ठरली. यावर रास्त आक्षेप असा की, ‘परवाना’ असा छाटला तर ‘परवा’ उरेल आणि ‘परवानगी’ची पानंही मध्ये येतील. येतील, हे खरं. पण पूर्ण शब्द जुळणारी पानं वर आणि नुसतं मूळ जुळणारी खाली, असा क्रम लावता येतो. चार नको असलेली पानं ओलांडता येतात; न आलेलं पान वाचता येत नाही. बातम्यांवरचा निष्कर्ष मदतपानांना लागू होईल का, असंही कुणी विचारेल. मदतपान बातमीहून आखूड असलं, तर वाचकाने टाकलेलं नेमकं रूप त्यात असण्याची शक्यता आणखी कमी होते. त्यामुळे तिथे प्रत्यय छाटण्याची गरज जास्तच.

‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता थेट उत्तर देईल, शोध हवा कशाला?’ हा आजचा सर्वांत मोठा आक्षेप. पण तेही यंत्र भरवशाचं उत्तर देण्यासाठी आधी योग्य पान शोधतं. पान हाती लागलं नाही, तर ते गप्प बसेल किंवा मनाने काहीतरी रचेल. शिवाय नाक्यावर गाडी अडली की यंत्राने सांगितलेला सारांश चालत नाही, मूळ नियम दाखवावा लागतो. ‘गूगल आहेच की’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की, लॉगिनमागची पानं गूगलला दिसत नाहीत आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफ त्याला धड वाचता येत नाहीत. सेवा केंद्रात जाऊन विचारता येतं, हेही खरं. पण तिथला चालकही अडला की याच चौकटीत शब्द टाकतो.

म्हणून मराठी मदतपानं चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने तीन कामं करावीत. ‘ऱ्य’सारखी दुहेरी रूपं एक करावीत, सूची करताना प्रत्यय छाटावेत, आणि ज्या शोधांना शून्य उत्तरं आली त्यांची यादी दर आठवड्याला लेखकासमोर ठेवावी. लोकांचे शब्द त्या यादीत आयते मिळतात. ते सूचीत घालायला एक दुपार पुरते. वाचकांनीही एक करावं. शोध रिकामा परतला, तर आपण टाकलेला शब्द जसाच्या तसा अभिप्रायाच्या चौकटीत लिहून पाठवावा. तो चुकीचा असेल म्हणून संकोचू नये. पान दुरुस्त करायला नेमका तोच शब्द हवा असतो.